०.४ गिगाहर्ट्झ

४ मार्च
लॅपटॉप मेलाय! म्हणजे चालू आहे, पण त्याला जिवंत म्हणवत नाही. लोकांची स्वयंपाकघरं आखून देणं हा माझा धंदा, आणि आज दिवसभरात एक ड्रॉवर आखून झाला. कपाट फिरवलं की दार मागे राहतं, मिनिटाभराने येऊन चिकटतं. प्रोसेसरचा वेग बघितला — ०.४ गिगाहर्ट्झ. चारच्या आसपास हवा. परवापर्यंत ठणठणीत होता.

बायको काल गेली. आईकडे. किती दिवस ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

५ मार्च
पॉवर सेटिंग 'सर्वाधिक वेग'वर टाकलं. ०.४. बॅटरी वाचवणारं जे जे होतं ते बंद केलं. ०.४. बायोस अपडेट केलं, जीव मुठीत धरून. ०.४! जागचा हलेल तर शपथ.

तिला मेसेज टाकला — 'जेवलीस का?' वाचला तिने. उत्तर नाही.

७ मार्च
ताईचा फोन. 'बायकोला फोन केलास का?' मी म्हटलं, अगं मशीन बिघडलंय, बहुतेक तापतंय, म्हणून वेग पडतोय. 'कोण तापलंय ते मला ठाऊक आहे,' म्हणाली. 'अरे बाबा, ती परत यावी असं वाटतं ना? मग तिला सांग तसं!'

वाटतं. दुसरं काही वाटतच नाही.

झालं ते एवढंच. तिच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला ती एकटी गेली, कारण मला एकाचं ओट्याचं ड्रॉइंग द्यायचं होतं. परत आली, दारातूनच म्हणाली, 'साधी गाठ आहे.' मी म्हणालो, 'छान.' मान वर न करता. ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. यावर काय बोलायचं असतं? मला सुचत नाही. लॅपटॉपचं निदान काहीतरी करून बघता येतं, म्हणून त्याच्या मागे लागलोय.

८ मार्च
उघडला. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. तापमान बेचाळीस. म्हणजे तापतही नव्हता. एक स्क्रू उरलाय, तो कुठला देव जाणे.

१० मार्च
वायरीत पाय अडकून चार्जर निघाला — आणि मशीन पळायला लागलं! ३.८! लावला, ०.४. काढला, ३.८. हे काय भलतंच? बॅटरीवर मात्र पाऊण तासात मान टाकतं. मी हात टेकले.

११ मार्च
दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने लॅपटॉपला हातही लावला नाही. चार्जर पालथा करून लेबल वाचलं. 'साहेब, हा पंचेचाळीस वॉटचा. तुमच्या मशीनला नव्वदचा लागतो. वीज पुरत नाही म्हटल्यावर ते आपणहून वेग पाडतं. तुमचा चार्जर कुठाय?'

तिच्याकडे! दोघांचे लॅपटॉप एकाच कंपनीचे, चार्जर दिसायला डिट्टो. घाईत तिने माझा उचलला. आठवडाभर मी सगळं उसवत बसलो, ते एक लेबल सोडून.

'दुसरा देऊ का?' त्याने विचारलं. मी नको म्हणालो. इतका आनंद झाला की काय सांगू! फोन करायला कारण मिळालं.

१२ मार्च
केला फोन. काय बोलायचं ते ठरवून केला — चार्जर घ्यायला मीच येतो, आणि आलो की समोर बसून सगळं बोलू.

पहिल्याच रिंगला उचलला तिने! आणि मी वॉट, गिगाहर्ट्झ, पेस्ट, उरलेला स्क्रू, सगळं सांगत सुटलो. ती ऐकत होती. मग म्हणाली, 'एवढ्यासाठीच फोन केलास?'

आणि मी म्हणालो, 'हो ना, कामं अडलीयत.'

हो ना!! जीभ कशी झडली नाही माझी?

'कुरिअरने पाठवते,' म्हणाली आणि ठेवला. नंतर चारदा केला. उचलला नाही.

१३ मार्च
पुन्हा करून बघितला. नाही उचलला. ताईला काही सांगितलं नाही.

१५ मार्च
कुरिअर आलं. नव्वद वॉटचाच आहे. लावला — ४.१.

पाकिटात आणखी काहीतरी वाजलं म्हणून उलटं केलं. तिच्याकडची घराची किल्ली.