गरम लागलेली गंजी

सौंसर, १८ जानेवारी

संध्याकाळी कडब्याच्या गंजीत हात घातला तर आतून गरम, पेंढ्यांवर पांढरी बुरशी. मावठ्याच्या धास्तीने मीच ताडपत्री घट्ट बांधली होती. तेव्हा कडबा पुरता वाळला होता का? सकाळीच बोरगावचे रामदासभाऊ त्यातल्या पेंढ्या घेऊन गेले. बाबांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक, आणि त्यांची म्हैस गाभण. लगेच फोन केला.

“भाऊ, पेंढ्या उघडून पाहिल्या का?”

ते हसले. “तुमच्या घरचा कडबा कोन पाहून राह्यलं, ताई? कुट्टी करून टाकली म्हशीले.”

मी बुरशीचं सांगितलं.

“बरं. गोठ्यात जाऊन पाहतो.”

अजून फोन नाही. ती पांढरी बुरशी डोळ्यांपुढून हलत नाही. लहानपणी शाळेच्या चॅपलमध्ये म्हणायचो ती प्रार्थना पुटपुटते आहे. म्हैस वाचू दे. मग भाऊंनी कडबा दुसरीकडून घेतला तरी चालेल.