बसवत नाही

आई, गेल्या मंगळवारी मी तुझ्यासारखी चालले.

सकाळपासून अर्धशिशी उठली होती आणि उलट्या थांबत नव्हत्या. शिवणक्लासच्या मुलींना घरी पाठवलं. तुझा जावई, ज्याला तू कधी पाहिलं नाहीस, तो मला गाडीवर मागं बसवून राहात्यातल्या एका दवाखान्यात घेऊन गेला. सलाईन लावलं, त्याच नळीतून उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. उलटी थांबली. डोकेदुखीसुद्धा उतरायला लागली. बाहेर लख्ख दुपार, पंखा चालू, अंगावर स्वच्छ चादर. सगळं बरं होत असताना मला त्या कॉटवर राहवेना. दुखत काही नव्हतं, खाजत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. पण पोटऱ्यांपासून छातीपर्यंत सगळं अंग मला उठ, उठ म्हणत होतं. मी उठून बसले, पाय खाली सोडले, पुन्हा वर घेतले, कूस बदलली. शेवटी सलाईनचा स्टँड हातात धरून खोलीबाहेर आले आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. भिंतीपर्यंत जायचं, वळायचं. चालताना जरा बरं वाटायचं, थांबलं की पुन्हा तेच. नर्स धावत आली. "मावशी, पडून राहा ना, सलाईन चालू आहे." मी म्हणाले, "मला बसवत नाही गं."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मी तिथंच उभी राहिले असते, पण उभंही राहवत नव्हतं. ते वाक्य तुझं होतं. शब्द तुझे, तो ओढलेला सूरही तुझाच.

डॉक्टरीण आली. माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं आणि विचारलं, "आतून अस्वस्थ वाटतंय? पाय हलवल्याशिवाय राहवत नाही?" मी मान हलवली. "हे त्या इंजेक्शनमुळं आहे. काही जणांना होतं. तुमचं काही बिघडलेलं नाही." तिनं दुसरं एक औषध दिलं. थोड्या वेळानं मी कॉटवर टेकले, मग आडवी झाले, मग मला रडू आलं. तिला वाटलं घाबरून रडते आहे. आई, तुमचं काही बिघडलेलं नाही, एवढं एक वाक्य मला तासाभराच्या आत मिळालं. मी तुझी वर्षं आठवत होते.

मी सहावीत असताना तुला आवाज ऐकू यायला लागले. विहिरीतून कुणी बोलतंय म्हणायचीस, माझ्या वडिलांच्या, दादांच्या, शिलाई मशीनखाली कुणी बसलंय म्हणायचीस. पाण्यात काही कालवलंय म्हणून हंडे ओतून द्यायचीस आणि मला जवळ येऊ द्यायची नाहीस. तुझे डोळे माझ्यावरून जायचे आणि त्यांत ओळख नसायची. मोहट्याच्या देवीला नवस बोलून झाला, लिंबं उतरून झाली. शेवटी दादा तुला एसटीनं नगरला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यांनी सुई सुरू केली, दर महिन्याला एक. आणि आवाज गेले, हेही खरं. महिन्या-दीड महिन्यात तू मला पुन्हा नावानं हाक मारलीस. माझ्या डोक्याला तेल लावलंस. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो. त्या सुईनं माझी आई मला परत दिली, हे मी कधीच नाकारणार नाही.

पण तेल लावताना तू उभी होतीस. मी खाली बसलेली आणि तू मागं जागच्या जागी पाय उचलतेस, हा पाय, तो पाय. मग तू वेणी हातात धरूनच चालायला लागतेस आणि मी तुझ्याबरोबर ओट्यावर मागं मागं चालते आहे, हसते आहे. मला तो खेळ वाटला होता. नंतर खेळ राहिला नाही. तव्यावर भाकरी टाकायचीस आणि दारापर्यंत जाऊन यायचीस, तोवर ती करपलेली. तिसगावच्या बाजारपेठेत दादांचं शिंप्याचं दुकान, आणि तुझ्यासारखी काजं साऱ्या बाजारात कुणाची नसायची. दादा कापड बेतायचे, शिवायचे, आणि काज-बटणं घरी तुझ्याकडं यायची. आता तू शर्ट हातात घेऊन अंगणात फिरत फिरत काजं करायला लागलीस. माझ्या शाळेच्या पोलक्याचं वरचं काज तू असंच चालत चालत केलंस. वाकडं झालं. उसवून पुन्हा केलंस, पुन्हा वाकडं. मग मला म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, पदराखाली झाकंल." पोलक्यावर कुठला आलाय पदर! तुझ्या लक्षात आलं आणि आपण दोघी हसलो. त्या दिवसांतलं मला आठवणारं ते एवढंच हसू.

एकदा तू चुलीपाशी बसावंस म्हणून मी तुझा हात घट्ट धरला. तू हिसडा मारून ओरडलीस, "धरू नको! धरलं की जास्त व्हतं." तू मला कधी ओरडायची नाहीस. मंगळवारी त्या नर्सनं प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला कॉटवर दाबलं, तेव्हा मला कळलं की तू नेमकं काय सांगत होतीस.

शेजारची काकू म्हणायची, पायाला भिंगरी लागली हिच्या. सगळ्यांनी मान्य केलं होतं की आवाज गेले पण वेड पायात उतरलं. दादांनी नगरच्या डॉक्टरांना सांगितलं, आता फार फिरते. त्यांनी सुई वाढवली. मग तू आणखी चालायला लागलीस. एक दिवस नगर रस्त्यावर ट्रक तुझ्या अगदी पुढ्यात येऊन थांबला. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या, लोकांनी तुला घरी आणून सोडलं. त्यानंतर दुकानात जाताना दादा बाहेरून कडी लावायचे. शाळेतून आले की कडी काढायचं काम माझं. दाराशी आले की आतून तुझी पावलं ऐकू यायची. पाच पावलं, भांड्यांची मांडणी, वळण, पुन्हा पाच.

पुढं त्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. नव्या डॉक्टरांनी सुई थांबवून गोळ्या दिल्या. हळूहळू पाय थांबले. मला तो दिवस दिसतो. तू उंबऱ्यावर बसली आहेस, पुढ्यात तुरीच्या शेंगांचा ढीग आहे आणि तू सोलते आहेस, ऊन तुझ्या पायावरून भिंतीवर जातंय तरी तू बसलेली आहेस. दादा दुकानातून आले आणि तुला तशी बघून सायकल हातात धरूनच उभे राहिले. लोक म्हणाले, आजार उतरला. आम्हीही तेच म्हणालो. नंतरची वर्षं तू बरीच सुखात काढलीस, काविळीनं गेलीस तोपर्यंत.

शुक्रवारी पुन्हा दाखवायला गेले तेव्हा मी डॉक्टरणीला विचारलं, "वेडावर पूर्वी महिन्याची सुई देत, तिनंही असं होतं का?" तिनं लिहिणं थांबवलं. "कुणाला झालं होतं?" मी सांगितलं. मग तिनं मला समजावलं. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं, ते एका पेशीकडून दुसरीकडं निरोप नेतं. निरोप पोचायला पलीकडच्या पेशीवर ठरलेल्या जागा असतात. तुझी सुई आणि माझं उलटीचं औषध, दोन्ही त्याच जागा अडवून बसतात. मला लगेच काजं डोळ्यांपुढं आली. काजात आधीच दुसरं काही अडकवून ठेवलं तर बटण जाणार कुठून? आवाज येतात त्या भागातली काजं बुजली की आवाज थांबतात, पण हालचाल आणि शांत बसणं सांभाळणाऱ्या भागातही तसलीच काजं असतात, आणि औषधाला भाग कळत नाहीत. मी असं म्हटल्यावर ती म्हणाली, "अगदी बरोबर सांगता येत नाही, पण साधारण असंच." मग म्हणाली, "तेव्हाही डोस कमी करता आला असता, सोबत दुसरी गोळी देता आली असती. पण पेशंट नुसता फिरताना दिसला तर आजारच वाढलाय असं वाटू शकतं. सुईनंतर सुरू झालं, हे कुणीतरी सांगायला लागतं."

तेव्हापासून मी धड बसलेले नाही. औषध केव्हाच उतरलं, तरी मशीनवर बसले की लक्ष पायांकडं जातं. उठते, स्वयंपाकाच्या ओट्याशी जाते, कशाला आले ते विसरते. हे लिहितानासुद्धा मधेच उठून अंगणात जाऊन आले.

रविवारी तिसगावला गेले. दादा आता थकलेत. नजर अधू झाली, मशीनवर चादर टाकलेली असते. जेवण झाल्यावर मी सगळं सांगितलं. माझं इंजेक्शन, व्हरांडा, डॉक्टरीण. मला वाटलं होतं ते म्हणतील, आता कशाला उकरून काढायचं. त्यांनी मशीनवरची चादर चाचपून सारखी केली. मग म्हणाले, "ती सांगायची मला."

"काय सांगायची?"

"सुई टोचली की दोन-चार रोजांनी सुरू व्हतं, म्हणायची. सुई लांबली की कमी व्हतं. मला वाटायचं, सुई टाळायला सांगती. पुन्हा ते आवाज येत्याल, पुन्हा पोरीला ओळखायची न्हाई, म्हनून मी तिचं ऐकलं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "खरं बोलत हुती का गं?"

"खरं बोलत होती, दादा."

"डॉक्टरला मी, ती फार फिरती, एवढंच सांगितलं. ती काय म्हणती ते न्हाई सांगितलं."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक हुतं की! तिनं सांगितलं हुतं. तेच तर बोलतोय."

आई, तुला कळलेलं होतं. मेंदू, डोपामिन यांतलं काही ठाऊक नसताना तू दिवस मोजून नेमकं कारण शोधलं होतंस आणि बोलून दाखवलं होतंस. आम्ही सगळे तुला वेडी समजत होतो, म्हणून तुझं तेवढं एक शहाणपणाचं बोलणंही वेडात धरलं गेलं. मला दादांचा राग आला. आणि त्याच वेळी दिसत होतं की आवाजांना ते किती घाबरले होते, कारण मीही तेवढीच घाबरले होते. त्यांच्या जागी मी असते तर वेगळं केलं असतं का, हे मला सांगता येत नाही. रागाला कुठं ठेवावं ते कळत नाही, म्हणून ही येरझार.

निघताना मी चपला घालत होते. दादा दारात आले, चौकटीला धरून उभे राहिले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "लई तरास व्हतो का गं त्यात? कडी लावलेली असली म्हंजी?"

व्हरांड्यात, उघड्यावर, नवरा सोबत असताना, तासाभरात मला वाटून गेलं होतं की हे असंच राहणार असेल तर जगायला नको. बंद दाराआड, वर्षानुवर्षं, ते काय असेल ते मला सांगता आलं असतं. दादांनंतर विचारणारं कुणी उरणार नाही.

मी म्हणाले, "फार नाही दादा. नुसतं चालावंसं वाटतं."

"मग बरं," म्हणाले. त्यांना ते पटलं असेल असं मला वाटत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही आणि दादांना वाचूनही दाखवायचा नाही. पण तुझा त्रास मी तुझ्या वतीनं कमी करून सांगितला, आणि ते तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी लिहिला.