सत्तावीस गांडुळं, गुण दोन

प्रिय ताई,

या दोन हातांनी मी आजवर अकरा कपाटं, चार पलंग (एकही करकरत नाही), तुझ्या स्वयंपाकघरातली फळी, एक व्हायोलिन (वाजत नाही, पण दिसतं हुबेहूब) आणि परवा-परवा एक काचेची पेटी केली. कुणा मास्तराने शिकवलं नाही. लाकूड बिघडवत बिघडवत शिकलो. एवढं सांगून मग तुझे गुडघे कसे आहेत ते विचारतो. भाऊजींच्या खोकल्याला नमस्कार. (भाऊजींनाही.)

आता मुद्दा. शाळेने माझं नाक कापलं. तुझ्या भाचीला जमिनीचे थर दाखवणारी प्रतिकृती करून आणायला सांगितली होती. बाकीच्या पालकांनी दुकानातून थर्माकोल आणून रंग फासला. मी बावीस इंच लांब, नऊ इंच रुंद पेटी केली, एकही खिळा न मारता. तळाशी गोटे, वर मुरूम, वर काळी माती, सगळ्यात वर पालापाचोळा. आणि सत्तावीस गांडुळं, मोजून. पोरगी दोन दिवस काचेला नाक लावून बसली होती. सारखं बोगदे खणणाऱ्या एका गांडुळाचं नाव तिने 'इंजिनीअर' ठेवलं.

गुण मिळाले दहापैकी दोन! शेरा असा: 'अस्वच्छ. थर स्पष्ट नाहीत. जिवंत वस्तू आणू नयेत.' आता दोन दिवसांत गांडुळांनी थर कालवले, हे खरं. अगं, पण तेच तर त्यांचं काम! ते केलं म्हणून गुण कापायचे? थर्माकोलला नऊ मिळाले, कारण थर्माकोल काहीच करत नाही.

तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "मुलांना मातीची ओळख व्हायला हवी, पण ती अंगाला लागता कामा नये." मी म्हटलं, "मग पोहायला पलंगावर शिकवता का?" त्यावर त्यांनी माझं शिक्षण विचारलं. सातवी, म्हटलं, आणि त्यातलीही निम्मी वर्षं खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघण्यात गेली. म्हणून तर लाकूड कळतं.

हे सगळं मी गिळलं असतं, ताई. पण त्या दिवशी घरी येऊन पोरीने चार वेळा हात धुतले आणि विचारलं, "बाबा, इंजिनीअर घाण आहे का?" आता ती पेटीकडे फिरकत नाही. दोन दिवसांत जडलेला जीव एका शेऱ्याने तोडला.

तुझा धाकटा

ता. क. सुट्टीत तिला तुझ्याकडे पाठवतो. तुझ्या परसात तिला मनसोक्त चिखलात बसव. पेटीही सोबत येईल. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. हे मीच का करत नाही, असं तू विचारणारच. तर ती सत्तावीसच्या सत्तावीस गांडुळं पोरीने हाताने उचलली. मी सहा फुटांवरून मोजली. मी सात वर्षांचा असताना तू माझ्या सदऱ्यात एक सोडलं होतंस, आठवतं? तेव्हापासून माझा हातच होत नाही. तेव्हा हे फेडणं तुझ्याकडे लागतं.

ता. क. ३. हे तुझ्या वहिनीला अजिबात कळू देऊ नकोस. त्या दिवशी पेटी उचलून शाळेतून निघताना मुख्याध्यापिकाबाईंनी तिचे सांधे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, अशाच बारा पेट्या करून द्या. आत रंगवलेले थर आणि रबरी गांडुळं. मी नाही म्हणून आलो. साठ हजार देत होत्या.