करकोचे गेले की येते

सला, ३ सप्टेंबर १९९८

चि. झोहरास,
अ. उ. आ.

आठवतं, सिस्टरांच्या शाळेतून परतताना बूट हातात घेऊन आपण खाडीकाठच्या गवतातून यायचो? पुढे करकोचे चालायचे, मक्केहून परतल्यासारखे संथ. हाजीसाहेब, जरा वाट सोडा, म्हणून तू त्यांना विनवायचीस.

आता माझी पंचाईत ऐक. आई, घर विक आणि कासाब्लांकाला माझ्याकडे ये, म्हणून अन्वर केव्हाचा मागे लागलाय. शेवटी मी बोलून गेले, की गच्चीवरचे करकोचे गेले की येते. भरल्या घरट्याखालचं घर सोडायचं नाही, ही आपल्या आईची रीत. दरसाल ऑगस्टात जातातच की ते! यंदा हललेच नाहीत. दिवसभर कचरा डेपोवर चरतात, ओहोटीला चिखलात बगळ्यांशी भांडतात आणि पहाटे माझ्या डोक्यावर चोची वाजवतात. तिकडे अन्वरने खोली रंगवून ठेवलीय. खोटी मी ठरले की करकोचे? काही सुचत नाही बघ.

तुझी,
बतूल

टँजिअर, १५ सप्टेंबर

ति. लल्ला बतूलताईला कृतानेक सलाम.

हसू आवरेना. मुलाला शब्द दिलास तोही पक्ष्यांना जामीन ठेवून! इथे सामुद्रधुनीवरून थवेच्या थवे गेले, तुझेच तेवढे हटून बसलेत. खरं सांग, तू त्यांना माशांची डोकी टाकतेस ना? तुझी शेजारीण हलीमा चुगली करत होती.

पण अन्वरचा फोन आला होता. आईला यायचंच नाही का, असं दोनदा विचारलं त्याने. त्याला काय सांगू?

चिडलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझीच,
झोहरा

सला, २० ऑक्टोबर

चि. झोहरास आशीर्वाद.

टाकत होते डोकी. तुझं पत्र आलं आणि बंद केली. तरी दोघं तिथेच. काल वर गेले, तर घरट्यात नवी काटकी ओढत होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं जाणं त्यांनी सोडलं; मग मला राहणं सोडता येऊ नये? बरोबर की चूक, अजून कळत नाही. अन्वरला सांग, शुक्रवारचं कुसकुस खाऊन निघते. तुझा लोभ मी बरोबर नेतेय.

चहाचं तांब्याचं तबक तुला. लोकरी गालिचा हलीमाला, तिचे गुडघे धरतात. खालचे दोन्ही मजले घर घेणाऱ्याला. गच्ची त्या दोघांची. तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

बतूल