वाफेचं अंडं

बाबा, आईच्या तोंडाची चव गेली. गणपतीनंतर ताप आला, तो काही केल्या हटेना, शेवटी हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ताप गेला, पण जाताना तिच्या जिभेवरचं आणि नाकातलं सगळं घेऊन गेला. जिन्यातून वर येता येता कोणाकडे सुकट भाजतायत आणि कोणाकडे बोंबील, हे सांगणारी ती बाई! आता तिच्यापुढे मी पेज ठेवते, सोलकढी ठेवते, मऊ भात कालवून देते, आणि ती एक घास घेऊन ताट सरकवते. "मातयेसारख्या लागता," म्हणते. मी ओरडते, मग मलाच रडू येतं, मग ती मला समजावते. असले आमचे दिवस चालले होते. डॉक्टरीणबाई पोरगेलीशी आहे, पण स्पष्ट बोलते. म्हणाली, आजी, पुढच्या खेपेला वजन असंच उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आईने हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरची बाई पाहिली होती. तिला तशीच नळी होती आणि ती ओढू नये म्हणून तिचे दोन्ही हात खाटेला बांधलेले होते. टॅक्सीतून काळाचौकीला येईपर्यंत आईने माझं मनगट सोडलं नाही. "माका नळी नको गो," एवढंच म्हणत होती. तिला घाबरलेलं मी तोपर्यंत कधी बघितलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हाही ती घाबरली नव्हती, नुसती चिडली होती.

डॉक्टरांनी अंडी द्या म्हणून सांगितलं होतं. उकडलेलं अंडं तिच्या घशाखाली उतरेना. ऑम्लेट टोचतं म्हणाली. मी स्वयंपाकघरात अंडं हातात घेऊन उभी राहिले, आणि बाबा, तुम्ही आठवलात. तसे तुम्ही वरचेवर आठवता, पण त्या दिवशी कामाचे म्हणून आठवलात.

चाळीची गॅलरी. बुधवार, तुमच्या हॉटेलच्या सुट्टीचा दिवस. तुम्ही लुंगी आणि गंजिफ्रॉकवर उकिडवे बसला आहात, समोर पंपाचा स्टो, स्टोवर टोप, टोपात पालथी वाटी आणि तिच्यावर तुमचं ते निळ्या काठाचं भांडं. मी शाळेतून आले आहे, दप्तर अजून पाठीवरच आहे. तुम्ही अंडी फोडता आणि त्याच अंड्याच्या कवटीने कोमट पाणी मोजून घालता. "फेस येता नये," म्हणता, आणि इतकं हळू ढवळता की मला झोप येते. मग गाळणीतून गाळता, वर ताटली झाकता, स्टोची आच अगदी बारीक करता. गॅलरीतली सगळी पोरं जमायची, कारण तुम्ही फोर्टातल्या चायनीज हॉटेलात कुक, म्हणजे लाल भडक, तिखटजाळ काहीतरी मिळणार. आणि निघायचं काय, तर खरवसासारखं थरथरणारं, फिकट पिवळं, गप्प बसलेलं एक भांडं. "हे कसलं चायनीज?" पोरं विचारायची. तुम्ही हसायचात. म्हणायचात, ते लाल असतं ते गिऱ्हाइकांसाठी, हे आमचे मास्तर स्वतःच्या घरी खातात. तुमचे मास्तर म्हणजे तो म्हातारा चिनी मुख्य कुक. त्यांना मी एकदाच पाहिलं, हॉटेलच्या मागच्या दाराशी. पायात स्लिपर, तोंडात बिडी, आणि माझ्या गालावर पिठाचं बोट लावून ते आत गेले.

आई आत बसलेली असायची, पाठ करून. त्यामागची गोष्ट मला तिनेच सांगितली, तीही मोठ्या तोऱ्यात. मध्यस्थाने तिच्या वडिलांना सांगितलं होतं की मुलगा फोर्टात हॉटेलात असतो. आजोबा मिलमध्ये जॉबर, हाताखाली माणसं. त्यांची समजूत की हॉटेलात म्हणजे गल्ल्यावर असणार. लग्नानंतर कळलं की जावई भटारखान्यात आहे, आणि भटारखान्यात डुक्करही शिजतं. त्या दिवशी आईने देव्हाऱ्यासमोर उभं राहून तुम्हाला सुनावलं, "ज्या हातांनी तुमी डुकर कापतास, त्या हातांचा मी खावचंय नाय." आणि आई बोलली की बोलली. तुमचे कपडे वेगळ्या बादलीत. कामावरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय चुलीकडे पाऊल टाकायचं नाही. तिचं मोदकपात्र तर तुम्हाला नुसतं बघायलासुद्धा मिळायचं नाही. एकदा तुम्ही अंड्यासाठी ते मागितलंत, तेव्हा ती तीन बुधवार तुमच्याशी बोलली नाही. संसार नीट केला, तुमच्या दुखण्याखुपण्यात जागली, माझ्या लग्नात तुमच्या शेजारी मान वर करून बसली. पण तुमच्या हातचा एक घास तिने कधी घेतला नाही. दर बुधवारी तुम्ही एक वाटी ताटलीने झाकून माझ्याकडे द्यायचात, "आवशीक नेऊन दी." मी नेऊन ठेवायचे. ती झाकण उचलूनही बघायची नाही. संध्याकाळी ती वाटी खालच्या मजल्यावर जायची, नाहीतर माझ्या पोटात.

मी चवदा-पंधरा वर्षांची असताना एकदा तुमच्यासमोर तिला हेकट म्हटलं. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही स्टो विझवलात. म्हणालात, "तिका कायएक बोलू नको. ती उपाशी रवणा नाय मा? मग झाला तर." आणि पुन्हा स्टो पेटवायला तुम्हाला बराच वेळ लागला, पिन सापडेना. मला अजून त्याचा राग येतो बाबा. तिचा नाही, तुमचा. एकदा तरी भांडायचं होतं. एकदा तरी म्हणायचं होतं, अगो, चाखून तरी बघ, मग शिव्या दे. ते नाही. आपलं दर बुधवारी निमूट वाटी पाठवायची.

तर त्या दिवशी मी करायला घेतलं. आता आपल्या चाळीच्या जागी टॉवर आहे, बाविसाव्या मजल्यावर माझं स्वयंपाकघर आहे, गॅस आहे, इडलीपात्र आहे. तुमच्या टोपातल्या पालथ्या वाटीपेक्षा सगळंच बरं. पण पहिल्या वेळी मी नळाचं पाणी घातलं आणि आच मोठी ठेवली. झाकण काढलं तर सगळी जाळी पडलेली, वर पाणी सुटलेलं. तरी तिच्यापुढे नेलं. तिने चमच्याने टोचून बघितलं. "ढोकळो केलंस?" म्हणाली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा कशावर तरी टोमणा मारत होती, म्हणून मला त्यातही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पाणी कोमट घेतलं, कवटीने मोजलं, गाळलं, ताटली झाकली, आच बारीक. यावेळी जमलं. भांडं हलवलं की मधोमध थरथरायचं. वर सोया सॉसचे चार थेंब टाकले, पातीचा कांदा टाकला. तिने दोन चमचे खाल्ले आणि थांबली. गिळायला जड जात नाही म्हणाली, पण "जिभेक कायच लागणा नाय." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. वजन बघायला जायचा दिवस जवळ येत होता. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले आणि मनात तुम्हालाच विचारलं, आता काय घालू?

आणि मग मला ती पुडी आठवली. तुम्ही ती गोष्ट इतक्या वेळा सांगायचात की आम्ही कंटाळायचो. मास्तरांनी तुम्हाला कामाच्या पहिल्या दिवसांत एक सुकलेलं, उकललेलं फळ चावायला दिलं, थट्टा करायला. नवीन पोरगा, जीभ बधिर होईल, नाचेल, सगळे हसतील. तुम्ही चावलंत, जिभेला मुंग्या आल्या, आणि तुम्हीच हसायला लागलात. कारण हे तर तिरफळाचं भावंड. बांगड्याच्या तिखल्यात घालतात ते, घरामागच्या झाडाचं. मे महिन्यात गावाहून तुम्ही पुडी आणलीत आणि मास्तरांच्या हातात ठेवलीत. त्यांनी वास घेतला, काळी बी थुंकली, टरफल चावत राहिले. आणि मग त्यांच्या त्या हिंदीत तुम्हाला विचारलं, "तुमारा गाँव चीन में है क्या?" त्यांचा माल संपला की ते तुमच्याकडे मागायचे. गिऱ्हाइकाला नाही, स्वतःच्या ताटासाठी. आणि आपल्या गॅलरीतल्या अंड्यावर तुम्ही शेवटी गरम तेल ओतायचात, ते चर्रकन वाजायचं, त्या तेलात तिरफळंच असायची.

आईच्या मसाल्याच्या डब्यात तिरफळं असतातच. तिखल्यात ती वासापुरती, जेवताना कडेला काढायची. मी बिया काढून टाकल्या, टरफलं तेलात मंद आचेवर ठेवली, तेल गाळून अंड्यावर ओतलं. आईपुढे वाटी ठेवली आणि मुद्दाम टीव्ही लावला, म्हणजे मी तिच्याकडे बघत नाही असं तिला वाटावं. पहिला चमचा. काही नाही. दुसरा. मग ती थांबली. तिने जीभ ओठांवरून फिरवली, पुन्हा फिरवली. लहान मूल पहिल्यांदा काहीतरी चाखतं तसा तिचा चेहरा झाला. "जिभेक कायतरी झाला," ती म्हणाली. मी घाबरून विचारलं, काय झालं, काढून टाकू? तिने वाटी माझ्यापासून लांब केली. "रव. खावंदे माका." आणि तिने ती वाटी संपवली, बाबा. चव तिला आजही लागत नाही. पण ती झिणझिण लागते. ती म्हणते, तोंडात कोणीतरी आहे असं वाटतं. त्या झिणझिणीबरोबर अंडं जातं, मग पाठोपाठ दोन घास भात जातो, पेज जाते. डॉक्टरीणबाईने वजन बघितलं आणि नळीचं नावही काढलं नाही. आई खाली टॅक्सीत बसल्यावर म्हणाली, "घराकडे जाताना अंडी घे गो."

पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "ह्या खंय शिकलंस?" मी म्हटलं, मोबाइलवर बघितलं. दुसरं काय म्हणणार? तुमचं नाव घेतलं असतं आणि ती वाटी तिने जमिनीवर ठेवली असती तर? या वयातसुद्धा तिने ठेवली असती. तुम्हाला माहीत आहे ती. पितृपक्षात दर वर्षी तुमच्यासाठी पान वाढते, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं साग्रसंगीत, आणि टॉवरच्या गच्चीवर कावळा येईपर्यंत उन्हात उभी राहते. पण देव्हाऱ्यापुढे बोललेलं ते तिचं बोलणं अजून तसंच आहे.

आता तुम्ही म्हणाल, ती काय दूधखुळी आहे? गॅलरीतून दर बुधवारी येणारा तो तेलाचा चर्र आवाज तिने इतकी वर्षं ऐकला. मी स्वयंपाकघरात तेल ओतते तेव्हा ती पलंगावरून मान वळवते, हे मी बघितलंय. तिला कळलं असेल का? मी विचारत नाही. विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर दिलं की तिला खाणं थांबवावं लागेल. तिला हे ठाऊक नाही असं मी समजते, आणि मला ठाऊक नाही असं बहुतेक ती समजत असेल. दोघी मजेत जेवतो. हा कागद मात्र मी आजच फाडून टाकणार आहे, कारण ती चष्मा लावून भजीच्या पुडीचासुद्धा कागद वाचते.

एक राहिलंच. काल दुपारी ती वाटी खरवडत होती. मी मोड काढलेली मटकी निवडत बसले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "हाताक चव आसा हां." बाबा, मी पन्नाशी ओलांडली. या बाईला मी हजार वेळा भाकऱ्या थापून वाढल्या, वडे तळले, तिच्याच पद्धतीने तिखलं केलं, आणि तिने कायम मीठ कमी किंवा मीठ जास्त एवढंच सांगितलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कोणाच्या हाताला, ते ती बोलली नाही. ती असं बोलली तेव्हा वाटीकडे बघत होती. तुम्ही किती बुधवार याच्यासाठी घालवलेत ते मला ठाऊक आहे, तेव्हा खरं तर मी तिथल्या तिथे तुमचं नाव घ्यायला हवं होतं. वजन वाढलंय, नळीची भीती आता तशी राहिली नाही, आजही घेता येईल. पण मी "हो ना?" म्हटलं आणि मटकी निवडत राहिले. ते माझ्यासाठीच होतं असं मी धरून चाललेय, आणि तुम्हाला ते देणार नाही.