कार्डांचे कपाट आणि अकरा गुण

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, ग्रंथालयशास्त्राचा निवृत्त अध्यापक, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझ्या शहाणपणाबद्दल घरात दुमत आहे, पण कायद्याला शुद्ध पुरते.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. दोन्ही तिनेच सांभाळले. मी एकदाच घरात लक्ष घातले आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांना ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे वर्गांक दिले. साखर सापडायला तिला आठवडा लागला.

२. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींची कार्डे ठेवायचे साठ खणांचे कपाट मुलीला. ती त्यात मोजे ठेवणार म्हणते. खुशाल ठेवावेत. ते अकारविल्हे लावण्याची अट मी मागे घेत आहे.

३. संगणक शिकवणारे माझे सहकारी भर बैठकीत म्हणाले होते, "सर, कार्डं आता कोण बघतंय?" मी नऊ वर्षे अबोला धरला. त्या काळात मी पासवर्ड विसरलो की तेच मुकाट्याने माझा संगणक उघडून देत. माझे शाईपेन त्यांना द्यावे. अबोला रद्द.

४. हे कलम जड आहे. सव्वीस वर्षे मी फळ्यावर एकच नमुना कार्ड काढत आलो. पुस्तक भाषांतरित होते आणि लेखकाच्या जागी मी भाषांतरकाराचे नाव लिहीत होतो. एका विद्यार्थिनीने परीक्षेत मूळ लेखकाचे नाव लिहिले. 'नमुन्याकडे लक्ष नाही' असा शेरा मारून मी अकरा गुण कापले. ती नापास झाली, तिचे वर्ष गेले. पुढे कार्डे संगणकात भरली गेली, तेव्हा माझ्या आज्ञाधारक विद्यार्थ्यांनी माझी चूक गावोगावच्या ग्रंथालयांत पोचवली. मागच्या महिन्यात सहज ते पुस्तक संगणकावर शोधले आणि तीच चूक मला पडद्यावर दिसली. मला लाज वाटली, अजून वाटते. <s>ते अकरा गुण मी तिला देत आहे.</s>

शेवटचे वाक्य वकिलांनी खोडायला लावले. म्हणाले, "सर, गुण मृत्युपत्रात देता येत नाहीत. ती तुमची मालमत्ता नाही."

"मग कोणाची?"

"तिचीच ना."

म्हणून हा कागद आणि वकील, दोघांना घेऊन मी, ती विद्यार्थिनी आता जिथे ग्रंथपाल आहे, त्या ग्रंथालयात आलो. तिने सगळे वाचले. "मला तेव्हाच माहीत होतं, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

तिने संगणक माझ्याकडे वळवला आणि त्या पुस्तकाची नोंद माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली.

सही: (स्वहस्ते)
स्थळ: ग्रंथपालांचे टेबल
दिनांक: ४ मार्च २०२४

साक्षीदार १: वकील.
साक्षीदार २: कलम चारमधील विद्यार्थिनी. तिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नसल्याने तिची साक्ष ग्राह्य आहे.