तुमच्या नावाची खोली

सर,

सोमवारी तुमच्या नावाची पाटी लागणार आहे. आपल्या विंचूरच्या वायनरीत वाइन चाखायची नवी खोली बांधून झाली. पांढऱ्या भिंती, उत्तरेचा उजेड, प्रत्येकासमोर थुंकायला वेगळं बेसिन. मालकांनी मला बोलावून सांगितलं, "तू त्यांची शिष्या. पाटीवरच्या दोन ओळी तूच लिही." मी हो म्हणून बाहेर आले. तुम्हाला जाऊन पाच वर्षं होत आली, आणि तरी त्या एका शब्दाने माझे कान तापले. शिष्या! तुम्ही मला काय शिकवलंत ते पाटीवर मावणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. मायक्रोबायॉलॉजीची पदवी, आमच्या घरातली पहिली. वडील वणीहून गडावर भाविकांची जीप चालवायचे, आई द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरायची. मला वाटायचं, कारखाना म्हणजे कॉलेजच्या पुढची इयत्ता. पहिल्याच दिवशी तुम्ही लॅब दाखवलीत आणि म्हणालात, "आकडे तुझे, जीभ आमची." मी हसले, मला ते छान वाक्य वाटलं. रोज अकरा वाजता तुम्ही आणि चौघे जण त्या जुन्या खोलीत जायचात, दार लागायचं, आणि अर्ध्या तासाने पाच-पाच ग्लासांचे ट्रे माझ्या सिंककडे यायचे. कुठली टाकी कधी बाटल्यांत भरायची, कशात काय मिसळायचं, सगळं त्या अर्ध्या तासात ठरायचं. आकड्यांवर कुणी वायनमेकर होत नाही, चाखल्याशिवाय या धंद्यात पुढे जाता येत नाही, हे मला महिन्याभरात कळलं. मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बायकांच्या अंगाला तेलाचा, गजऱ्याचा वास असतो. चव खरी लागत नाही."

मी तेल सोडलं. पावडर सोडली, बिनवासाचा साबण आणला. आई म्हणाली, "केसांची पार केरसुणी झाली, कोन करंल तुला?" दोन महिन्यांनी मी पुन्हा तुमच्यासमोर उभी राहिले, तेव्हा तुमच्याकडे दुसरं कारण तयार होतं. "घरचे काय म्हणतील? उद्या तुझा बाप माझ्या दारात येईल. आधी त्याला विचार."

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. मी ते वडिलांना कसं विचारलं, ते मलाच ठाऊक. ते जीपचा आरसा पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "थुकायचीच हाय ना? मग ते पिणं नाय झालं." आणि आत जाऊन वहीचं पान घेऊन बसले. सातवी शिकलेला माणूस, एकेक अक्षर दाबून लिहीत होता, पेनाचे वळ पानाच्या मागच्या बाजूला उठले होते. 'माझ्या मुलीला फक्त कामापुरती वाइन चाखण्यास माझी परवानगी आहे. मुलगी विश्वासू आहे.' खाली सही, आणि सहीखाली जीपचा नंबर, कारण त्यांना वाटलं कागदाला काहीतरी नंबर हवा.

ती चिठ्ठी तुम्ही अकराच्या खोलीत मोठ्याने वाचलीत. दार उघडं होतं, मी ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. तुम्ही जीपचा नंबरसुद्धा वाचलात. चौघांतला सगळ्यात जाडा, तळघरातल्या पिंपांचं बघणारा, म्हणाला, "बापानंच चिठ्ठी दिली म्हणल्यावर थेंबभर तरी द्या की सायेब!" आणि तुम्ही म्हणालात, "आज बापाची आली, उद्या नवऱ्याची येईल." ग्लास वाजवून हसलात सगळे. मग चिठ्ठी घडी करून खिशात घातलीत आणि मला म्हणालात, "बघू." तुम्ही मला चाखू दिलं नाहीत, ते मी कदाचित विसरले असते. जीपचा नंबर विसरणार नाही. वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "दिली का मंग परवानगी?" मी म्हटलं, दिली.

तेव्हापासून मी ग्लास धुण्याआधी हुंगायला लागले. तळाशी राहिलेला थेंब जिभेवर घ्यायचा, बेसिनात थुंकायचा, आणि लॅबच्या वहीच्या मागच्या पानांवर टाकी नंबर आणि वास लिहायचा. पुढच्या पानांवर माझे आकडे होतेच. दोन्ही जुळायला लागले. तुमच्याकडे नोकरी करत मी हे चोरून शिकले, सर. दार वाजलं की वही मिटायची.

साथीच्या वर्षी तुम्ही आजारी पडलात आणि तीन आठवड्यांनी परत आलात. त्याच आठवड्यात लॅबच्या फ्रिजमागे उंदीर मेला. सापडेना, आणि आम्ही सगळे नाकाला रुमाल बांधून वावरत होतो. तुम्ही आलात, फ्रिजशेजारच्या खुर्चीत बसलात, डबा उघडलात आणि मेथीच्या भाजीशी पोळी खायला लागलात. मी बघत राहिले. तिसऱ्या घासाला तुम्ही वर पाहिलंत. माझा रुमाल पाहिलात. घास तसाच हातात, आणि मग तुम्ही सावकाश खिशातून रुमाल काढून नाकाला लावलात आणि म्हणालात, "काय घाण सुटलीय." वास तुम्हाला नाकाने नाही, माझ्या रुमालावरून कळला होता. ते तुम्हालाही कळलं आणि मलाही.

दहा दिवसांनी सहा नंबरच्या टाकीचा आकडा वाढला. वाइनचं व्हिनेगर व्हायला लागलं की वाढतो तोच. मी तुम्हाला लिहून दिला. अकरा वाजता ग्लास फिरला, तुम्ही हुंगलंत, थुंकलात, ठीक आहे म्हणून मान हलवलीत, आणि तुमच्यामागून चार माना हलल्या. मी पाचही ग्लास धुतले. पाचही ग्लासांना नेलपॉलिशसारखा वास होता. म्हणजे त्या चौघांनाही तो आला होता. पंधरा वर्षं तुमच्या शेजारी बसून त्यांना एकच चाखणं येत होतं, तुमचा चेहरा. टाकी नासली तेव्हा तुम्ही मालकांना सांगितलंत, लॅबच्या मुलीने आकडा चुकवला. कागद कुठे गेला कोण जाणे. जिला कधी चाखूच दिलं नाही, ती तुमच्या नाकाबद्दल काय बोलणार होती?

मला लेबलांवर बसवलं. बाटलीवरचं लेबल सरळ आहे का, एवढंच बघायचं, आठ तास. आई म्हणायची, "सोड ती नोकरी, माझ्यासंगं पेट्या भर." मी दिवसभर सरळ लेबलं बघून रात्री स्वतःलाच विचारायचे, की आकडा खरंच माझाच चुकला होता का. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. हंगामात मालकांनी चौघांपुढे ग्लास ठेवले आणि चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. मला वर बोलावलं ते त्यामुळे. मी वही घेऊन गेले, मागची पानं उघडून.

आता अकराच्या टेबलावर मी मुख्य आहे. नियम माझे आहेत. आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं, मग बोलायचं. सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या माणसाने आधी बोलायचं. जो ग्लास धुतो, तोही चाखणार. मला वाटायचं, तुमच्या खोलीवर याहून मोठा सूड नाही. पण पाटीचं कळल्यावर तेवढं पुरेना. सोमवारी तुमच्या पत्नी येतील, मालक पडदा ओढतील, आणि मी त्या दोन ओळी मोठ्याने वाचणार आहे. तुम्ही चिठ्ठी वाचलीत तशाच, एक अक्षर न गाळता. ओळी तयार आहेत: 'शेवटच्या हंगामात यांना वास येत नव्हता. यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.'

त्या लिहून झाल्या आणि पेन खाली ठेवता येईना. गुरुवारचं सांगायचं राहिलंय.

गुरुवारी नव्या पिंपातली वाइन टेबलावर होती. तोच जाडा, आता निवृत्तीला आलेला, त्याने कागदावर लिहिलं आणि माझ्याकडे बघून, दबकतच, म्हणाला, "मॅडम, मला जरा बुरशीवाणी वाटती." एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःचं काही म्हटलं होतं. मालक बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्लास फिरवला, हुंगला, थुंकले आणि म्हणाले, "नव्या लाकडाचा वास आहे तो." तो लगेच म्हणाला, "हां हां, लाकूडच. लाकूडच हाय," आणि त्याने कागदावरची ओळ खोडली. मग मान हलवली. मी ती मान ओळखते.

मंगळवारी ते पिंप बाटल्यांत जाणार आहे.

हे मी त्याच जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय, तुमच्या ग्लासांच्या वासांखाली. पान फाडणार नाही, आणि पाठवायला पत्ताही नाही. तुमच्याबद्दलच्या दोन ओळी पाच वर्षं तोंडपाठ आहेत. दुसरी गोष्ट अजून एकदाही मोठ्याने म्हणता आलेली नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते. मला बुधवारपासून सर्दी आहे, सर. त्या ग्लासाला कसलाच वास आला नाही.